सांभाळणाऱ्यालाही विसावा हवा

जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत सोमवारी सकाळी नेहमीचीच गर्दी. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईंचा दाब त्या दिवशी १८४/१०६ भरला. दोन महिन्यांपूर्वी तो आटोक्यात होता. गोळ्या रोज घेता का, असे विचारल्यावर "आठवेल तशा" असे उत्तर आले. झोप लागते का? "ह्यांनी झोपू दिलं तर."

दंडाला पट्टा बांधताना सिस्टरला त्यांच्या मनगटावर काळानिळा डाग दिसला. तिने सहज विचारले आणि बाईंना रडू कोसळले. त्यांचे पती एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. चार वर्षांपासून त्यांना स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया आहे. दोन दिवसांपूर्वी पहाटे तीन वाजता ते ड्युटीवर जायचे म्हणून दाराची कडी काढत होते. अडवल्यावर त्यांनी बाईंचे मनगट पिरगाळले, आणि बाईंनी त्यांच्या थोबाडीत मारली. "चाळीस वर्षांत कधी वर तोंड करून बोलले नाही हो मी त्यांना," एवढेच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

केसपेपरवर निदान लिहिले गेले ते उच्च रक्तदाबाचे. गोळीचा डोसही वाढला. पण चार वर्षे एकही रात्र सलग झोप न मिळालेल्या माणसाच्या थकव्यासाठी केसपेपरवर रकाना नसतो. पतीच्या फाइलमध्ये चार वर्षांचे रिपोर्ट, स्कॅन आणि औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. त्यांना सांभाळणाऱ्या व्यक्तीची मात्र कुठेच नोंद नव्हती.

पार्किन्सन्स आणि मानसिक आजारांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी स्वमदत गटांनी दोन चांगले शब्द रूढ केले आहेत. आजारी माणूस तो 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणारा तो 'शुभंकर'. लकवा, कर्करोग, डिमेन्शिया, स्किझोफ्रेनिया, मणक्याची दुखापत, मुलाचा सेरेब्रल पाल्सी, असा कोणताही दीर्घ आजार घरात आला की घरातलेच कोणीतरी, बहुधा न विचारता, शुभंकर होते. या माणसाला ठरावीक काळासाठी, नियमितपणे आणि निर्धास्तपणे कामातून मोकळीक मिळावी म्हणून केलेली सोय म्हणजे 'रेस्पाइट केअर'. मराठीत तिला 'विसावा' म्हणता येईल. हा शब्द आपल्याला वारीतून ओळखीचा आहे. पालखी मुक्कामाच्या गावी पोचेपर्यंत वाटेत विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात. थांबल्याबद्दल वारकऱ्याला कोणी कमी भक्तीचा म्हणत नाही. पुढची मजल गाठता यावी म्हणूनच तो थांबा असतो.

थकवा अंगात कसा मुरतो

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी, असा सल्ला डॉक्टर देतात, नाहीतर पाठीला जखमा होतात. हा सल्ला योग्यच आहे. पण तो पाळायचा म्हणजे रात्री अकरा, एक, तीन आणि पाच वाजता कोणीतरी उठायचे. त्यात नळीतून भरवणे, डायपर बदलणे, लघवीची पिशवी रिकामी करणे आणि साठ-सत्तर किलोचे शरीर पलंगावरून खुर्चीत नेणे आलेच. रुग्णालयात हे काम तीन पाळ्यांत वाटलेले असते. घरी तिन्ही पाळ्या एकाच माणसाच्या असतात आणि त्याला साप्ताहिक सुटी नसते.

याचे शरीरावर होणारे परिणाम मोजले गेले आहेत. अमेरिकेतील संशोधकांनी १९९५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा पण लक्षवेधी प्रयोग प्रसिद्ध केला. डिमेन्शियाच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयोगटातल्या, अशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर काही मिलिमीटरची सारखीच जखम करण्यात आली. काळजी घेणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. दीर्घकाळच्या ताणाने प्रतिकारशक्तीचे काम मंदावते, हे त्यातून डोळ्यांना दिसले.

१९९९ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आलेला अभ्यास याहून मोठा होता. वृद्ध जोडीदाराची सेवा करणाऱ्या आणि त्यात ताण जाणवणाऱ्या पती-पत्नींमध्ये चार वर्षांत मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत, ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. मात्र सेवा करूनही ज्यांना ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात हा धोका वाढलेला नव्हता. सेवा करणारे सरसकट लवकर दगावतात असे नंतरच्या काही मोठ्या अभ्यासांतही दिसले नाही. म्हणजे माणूस सेवेने आजारी पडत नाही. मदत न मिळता, झोप न होता, वर्षानुवर्षे एकट्याने ओझे वाहिल्याने तो आजारी पडतो. विसाव्याचे महत्त्व इथेच आहे, कारण आजार बरा होणार नसला तरी त्याचे ओझे वाटून घेता येते.

शुभंकरांमध्ये पाठदुखी, अनियंत्रित रक्तदाब आणि मधुमेह, चिडचिड, उदासीनता, वजनातली घट किंवा वाढ या तक्रारी नेहमी दिसतात. स्वतःच्या तपासण्या त्या पुढे ढकलतात. "ह्यांचं एकदा स्थिरस्थावर होऊ दे, मग माझं बघू," हे वाक्य ओपीडीत रोज ऐकू येते. अनेकदा ते 'मग' उजाडेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

ओझे कोणाच्या डोक्यावर?

भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाने मांडला. हा फक्त एक आजार झाला. देशात ज्येष्ठांचे प्रमाण २०२२ मध्ये सुमारे साडेदहा टक्के होते. ते २०५० पर्यंत दुप्पट होईल, असे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अहवाल सांगतो. दुसरीकडे घरे लहान झाली, मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेली आणि सुनाही कामावर जाऊ लागल्या.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कोणाची तरी काळजी घेण्यात वेळ देत असल्याचे दिसले. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास होते. अशा स्त्रिया त्यासाठी दिवसाला सुमारे १४० मिनिटे देत होत्या, तर पुरुष साधारण सव्वा तास. यात मुलांचे संगोपनही धरलेले आहे. पण घरात कोणी अंथरुणाला खिळले की हे काम कोणाकडे जाते, हे सांगायला पाहणीची गरज नाही. पत्नी, सून, लग्न न झालेली मुलगी, या क्रमाने ते वाटले जाते. मुलगे पैसे पाठवतात, फोन करतात, मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतात. हे सगळे लागतेच, पण रात्री तीन वाजता कूस बदलायला त्यातले काहीच उपयोगी पडत नाही.

"अजून चार दिवस ठेवा"

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात एक विनंती वारंवार येते. लकवा झालेल्या रुग्णाची प्रकृती स्थिर होते, घरी न्या असे सांगितले जाते, आणि नातेवाईक हात जोडतात, "डॉक्टर, अजून चार दिवस राहू द्या." निवासी डॉक्टरांना वाटते, जबाबदारी टाळतात. खाट अडते म्हणून वॉर्डात कुरबुर होते. पण नीट चौकशी केली तर कळते की घरात धाकट्या मुलीचा साखरपुडा असतो, किंवा सांभाळणाऱ्या सुनेचे स्वतःचे ऑपरेशन लांबलेले असते, किंवा ती नुसती थकलेली असते.

ही मागणी खरे तर विसाव्याचीच असते. पण त्यासाठी कुठे जायचे ते माहीत नसते, आणि बहुतेक जिल्ह्यांत तशी जागाही नसते. रुग्णालयाची खाट हा त्यावरचा चांगला उपाय नव्हे. तिथे संसर्गाचा धोका असतो, डिमेन्शियाचा रुग्ण अनोळखी वॉर्डात जास्त गोंधळतो, आणि तातडीच्या रुग्णाची खाट अडते. विसाव्याची स्वतंत्र सोय असती, तर हे तिन्ही टळले असते.

विसावा न मिळाल्याची आणखी एक किंमत रुग्णाला चुकवावी लागते. थकलेल्या माणसाकडून औषधाची वेळ चुकते, जेवण घाईने भरवले जाते आणि ठसका लागतो, आवाज चढतो, कधी हातही उठतो. अशा प्रत्येक घटनेमागे क्रूरता नसते. पण रुग्णाला बसलेला मार खराच असतो. म्हणून शुभंकराची विश्रांती हा रुग्णाच्याही सुरक्षिततेचा भाग आहे.

विसावा म्हणजे काय काय?

विसाव्याचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिला घरातला. नातेवाईक, स्वयंसेवक किंवा प्रशिक्षित सेविका काही तास घरी येऊन रुग्णाजवळ थांबते आणि शुभंकर बाहेर पडतो. दुसरा दिवसभराच्या केंद्राचा. रुग्ण सकाळी केंद्रात जातो. तिथे व्यायाम, गाणी, खेळ, जेवण होते आणि संध्याकाळी तो घरी येतो. तिसरा अल्पकालीन निवासाचा. रुग्ण काही दिवस किंवा आठवडे निवासी केंद्रात राहतो. घरातले लग्न, प्रवास किंवा शुभंकराचे ऑपरेशन अशा वेळी तो उपयोगी पडतो.

इतर काही देशांनी ही सोय कायद्यात आणि विम्यात बसवली आहे. जपानच्या २००० पासूनच्या दीर्घकालीन काळजी विम्यात दिवसभराचे केंद्र आणि अल्पकालीन निवास दोन्ही आहेत. जर्मनीत १९९५ पासूनच्या काळजी विम्यातून, घरचा माणूस सुटीवर गेला किंवा आजारी पडला तर बदली काळजीवाहकाचा खर्च मिळतो. अमेरिकेत मेडिकेअर योजनेतील हॉस्पिस सेवा घेणाऱ्या रुग्णाला, घरच्यांना उसंत मिळावी म्हणून, एका वेळी पाच दिवसांपर्यंत दाखल करता येते. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने काळजी घेणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या गरजांची स्वतंत्र तपासणी करून घेण्याचा हक्क दिला आहे.

विसाव्याने सगळे प्रश्न सुटतात, असे मात्र नाही. डिमेन्शियाच्या बाबतीत २०१४ च्या कॉक्रेन आढाव्याला उपलब्ध चाचण्यांतून ठोस फायदा दाखवता आला नाही. त्या चाचण्या थोड्या आणि लहान होत्या. दुसरीकडे, रुग्ण केंद्रात जातो त्या दिवशी घरच्यांना तुलनेने कमी ताणाला तोंड द्यावे लागते, असे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसले आहे. अनुभव असा की वर्षातून एकदा, पार कोसळल्यावर मिळालेली सुटी फारशी कामी येत नाही. ठरलेल्या दिवशी, नेमाने मिळणारे चार तास उपयोगी पडतात.

आपल्याकडे काय आहे?

केरळचे उदाहरण जवळचे आहे. कोझिकोडे येथे १९९३ मध्ये वेदनामुक्ती आणि उपशामक सेवेची संस्था उभी राहिली. त्यातून पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे विणले गेले आणि २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले. परिचारिका घरी येऊन जखम बांधते आणि शेजारचा प्रशिक्षित स्वयंसेवक रुग्णाजवळ बसतो. तिथे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या काळजीवाहकासाठी 'आश्वासकिरणम्' या योजनेत दरमहा ६०० रुपयांची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण काळजी घेणे हेही काम आहे, हे त्यात मान्य केलेले आहे.

मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून, तर पुण्यात वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कर्करुग्णांची सेवा करत आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिवसभराची केंद्रे मुंबई-पुण्यात काही संस्था चालवतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाने 'समर्थ' नावाने निवासी आणि विसाव्याच्या सोयीची योजना आखली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण मिळाले, पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. घरी थांबणाऱ्या सेविकेचा खर्च त्यात बसत नाही. मोठ्या शहरांत ब्यूरोमार्फत मावशी किंवा मामा मिळतात, पण बारा तासांच्या पाळीचा महिन्याचा खर्च मध्यमवर्गालाही पेलत नाही. आणि तालुक्याच्या गावी पैसे असूनही माणूस मिळत नाही.

आशा सेविका आणि आरोग्य उपकेंद्रांचे जाळे राज्यभर आहे. ज्येष्ठ नागरिक संघ अनेक गावांत आहेत. बचत गटांतल्या स्त्रियांना रुग्णसेवेचे प्रशिक्षण देता येईल आणि त्या कामाचा मोबदला पंचायतीच्या निधीतून देण्याचा विचार करता येईल. ग्रामीण रुग्णालयात दोन खाटा विसाव्यासाठी राखून ठेवल्या, तरी अनेक घरांना आधार होईल.

"लोक काय म्हणतील?"

सोय असूनही ती न वापरणारे पुष्कळ असतात. आईला केंद्रात ठेवले तर भावकी काय म्हणेल, हा पहिला प्रश्न. माझ्याशिवाय ते जेवतच नाहीत, हा दुसरा. आणि मनाच्या तळाशी, मी हसत-खेळत बाहेर फिरणे हेच पाप, ही तिसरी बोचणी. बाहेरगावची मुले तर कधी कधी फोनवरून सुनावतात, "मावशीच्या हाती कशाला सोपवलंस?" ज्याने स्वतः एकही रात्र जागवलेली नाही त्याने असे विचारू नये, एवढे पथ्य कुटुंबाने पाळले तरी पुष्कळ झाले.

काळजीचा ताण मोजण्यासाठी झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण असतात. डॉक्टरांना तेवढा वेळ नसेल, तर तीन प्रश्न तरी विचारावेत. रात्री सलग किती तास झोप होते? स्वतःची औषधे शेवटची कधी चुकली? आणि चिडून हात उगारावा किंवा सगळे सोडून निघून जावे, असे कधी वाटले का? तिसऱ्या प्रश्नाला 'हो' उत्तर आले तर उपदेश करू नये. त्याच दिवशी मदतीची आखणी सुरू करावी. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. मन मोकळे करण्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तर ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

सुरुवात कशी करावी?

पहिली पायरी म्हणजे कामांची यादी. आंघोळ, औषधे, भरवणे, रात्रीची जाग, बँक, दवाखाना ही सगळी कामे कागदावर उतरवावीत आणि घरच्यांना एकत्र बसवून वाटावीत. "काही लागलं तर सांग" यापेक्षा "गुरुवारी दहा ते दोन मी येतो" हे शब्द कामाचे.

दुसरी पायरी, बदली माणसासाठी एक पान. त्यावर औषधांच्या वेळा, जेवण किती पातळ लागते, कोणत्या कुशीवर झोपवायचे, कशाने चिडतात, कशाने शांत होतात, ॲलर्जी, डॉक्टरांचा आणि १०८ रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहावा. ते पलंगाजवळ भिंतीला चिकटवावे.

तिसरी पायरी, सवय हळूहळू लावावी. पहिल्या दोन वेळा शुभंकराने घरातच दुसऱ्या खोलीत थांबावे, मग तासभर बाहेर जावे, मग अर्धा दिवस. निवासी केंद्रात ठेवायचे असेल तर आधी स्वतः जाऊन पाहावे. रात्री किती माणसे असतात, पडल्यास काय करतात, भेटीची मुभा कधी, हे विचारावे. ओळखीची उशी, चादर, रेडिओ सोबत द्यावा. ब्यूरोकडून माणूस घेताना ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी पाहावी.

आणि मिळालेला वेळ विसाव्यासाठीच ठेवावा. त्या चार तासांत गिरणीतून दळण आणणे, वीजबिल आणि घरातली झाडलोट उरकली, तर त्याला विसावा म्हणता येणार नाही.

त्या बाईंच्या जिल्ह्यात दिवसभराचे केंद्र नव्हते. ओपीडीत पतीची पुन्हा तपासणी झाली. लघवीतला जंतुसंसर्ग सापडला, त्यावर औषध दिले गेले. दुपारची झोप कमी करायला आणि दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी बसवायला सांगण्यात आले. पुढच्या वेळी पुण्याच्या दोन्ही मुलांना बोलावून घेतले गेले. आळीपाळीने एकेकाने शनिवारी मुक्कामाला यायचे आणि रात्री वडिलांच्या खोलीत झोपायचे, असे ठरले. गुरुवार धाकट्या दिरांनी घेतला.

पहिल्या गुरुवारी बाई तासाभरातच घरी परतल्या, कारण पतीने त्यांच्या नावाचा घोषा लावला होता. दुसऱ्या गुरुवारी दिरांनी भावाला रिक्षातून एसटी स्टँडवर नेले. दोघे बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत राहिले. आता गुरुवार म्हणजे स्टँड, हे ठरून गेले आहे. त्या वेळेत बाई बहिणीकडे जातात आणि तिथे बहुतेक वेळा झोपतात.

तीन महिन्यांनी त्यांचा रक्तदाब १४६/८८ होता. पतीचा आजार होता तसाच आहे, किंबहुना थोडा वाढलाच आहे. पहाटे कडी अजूनही वाजते. शनिवारी ती ऐकून उठायचे काम आता मुलाचे असते.